फुटक्या खिडकीपाशी

परवा काच बसवणाऱ्याने घरी पुट्टी मळली, आणि जवसाच्या तेलाच्या त्या वासासरशी मला अकोल्याचं रेल्वे यार्ड आठवलं.

कापसाच्या भावासाठी आंदोलन झालं, तेव्हा आम्ही गावच्या पोरांनी पॅसेंजर गाडीवर दगड मारले होते. माझ्या दगडाने काच फुटली तेव्हा मी हसलो होतो. महिन्याभराने डबे दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे मला रोजंदारी मिळाली, आणि त्याच गाडीचा, मी काच फोडलेला डबा समोर आला.

माझे उस्ताद रहीमचाचा खिडकीच्या खाचेतल्या काचा वेचत होते. त्यांच्या हाती लहान मुलीची फुटकी हिरवी बांगडी लागली. ती त्यांनी तळहातावर घेऊन पाहिली. मी घाईने म्हणालो, "कोन्या हरामखोरानं मारला असन दगड!"

"शिवी नोको देऊ, बेटा," चाचा म्हणाले. "त्याच्याही घरी कापूस पडून असन."

मी खाली मान घालून पुट्टी मळत राहिलो.

डबा पुन्हा गाडीला लागला त्या दिवशी चाचांनी सगळ्यांना ती खिडकी दाखवली. "हे काम या पोराचं हाय," ते कौतुकाने म्हणाले. ती फोडलीही मीच होती, हे तेव्हाही न सांगता मी बोटांवरची पुट्टी पुसली.