बातम्यांकडून बेली डान्सकडे, व्हाया काळेवाडी

"तुम्ही न्यूजरीडर होतात ना? मग हे बेली डान्सचं कुठून आलं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेत, अगदी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही विचारला गेलाय. सरळ उत्तर माझ्याकडे नाही. किस्से आहेत, आणि तेही दर दिवाळीला वाढत चाललेत.

*

सुरुवात झाली पुण्याजवळच्या काळेवाडीतल्या केबल चॅनेलवर. रोज संध्याकाळी मी बातम्या वाचायचे. वर कोट, खाली ट्रॅकपँट, कारण कॅमेरा टेबलाच्या वरचंच दाखवायचा. आवाज येतो म्हणून पंखा बंद! घामाघूम होऊन मी जगभरातलं राजकारण सांगायचे आणि लोक वाट बघायचे फक्त पाणीकपातीची.

एकदा भाजीवाल्या मावशींनी मला ओळखलं. मी खूश! त्या म्हणाल्या, "उद्या पाणी येणार का?"

"माहीत नाही हो."

"मग टीव्हीवर रोज कशाला बसता?"

*

त्याच चॅनेलसाठी मी पुण्यात बेली डान्स शिकवणाऱ्या एका मॅडमची मुलाखत घेतली. त्या म्हणाल्या, "करून बघा की!" मी कॅमेऱ्यासमोर कंबर हलवायला गेले आणि हलले खांदे. सगळे हसले. मला मात्र चुटपुट लागली. इतकी वर्षं ही कंबर माझीच, आणि माझंच ऐकत नाही? पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्या क्लासला जायला लागले.

मुलाखत लागली तेव्हा माझा नाचाचा भाग गायब! मालकांना विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आपल्या चॅनेलवर अँकर टेबलाच्या खाली नसतोच."

*

पुढे चॅनेल बंद पडलं. मी कंपन्यांच्या कार्यक्रमांत अँकरिंग करायला लागले आणि सलीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली घेऊन स्वतःचा बेली डान्सचा क्लास काढला.

आम्ही बायका वर सुरू झालो की खाली नट-बोल्टचे डबे खुळखुळायचे. एका गिऱ्हाइकाने दचकून विचारलं, "वर मशीन बसवलंय का, राव?"

सलीमभाई खिळ्यांचं वजन करता करता म्हणाले, "व्हायब्रेशन टेस्टिंग आहे, भाऊ. लेडीज शिफ्ट!"

*

माझी पहिली विद्यार्थिनी वैशाली. मूळची बीडची, चाकणला असेंब्ली लाइनवर कामाला. शिफ्ट सुटली की थेट क्लासला. मी विचारलं, "थकत नाहीस का गं?"

"ताई, कंपनीत दिवसभर हात हलतेत अन् बाकीची मी नुसती उभी. बाकीच्या मीला बी काही काम पायजे का न्हाई?"

*

गावी, कुरुळीला, सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याने, संदीपने, त्यांना सांगून ठेवलं होतं, "ती योगा शिकवते."

मग चाकणच्या एका कंपनीचा फॅमिली डे आला. अँकर मी. बोलावलेली बेली डान्सर ट्रॅफिकमध्ये अडकली. एचआरचे साहेब काकुळतीला आले, "मॅडम, तोवर काहीतरी बोला!" मी बोलले. विनोद संपले, कोडी संपली, मुलं रडायला लागली. शेवटी माईक साहेबांच्याच हातात दिला, क्लासच्या पिशवीतला घुंगरांचा पट्टा कमरेला बांधला आणि नाचले.

आधी नजर सवयीने टेबल शोधत होती. मग वाटलं, इथे टेबल नाही, सगळी मीच आहे! थांबले तेव्हा टाळ्याच टाळ्या.

गोंधळलेले साहेब माईकवर म्हणाले, "आता सर्वांनी उभं राहून कारखान्याच्या सुरक्षेची शपथ घ्यावी!"

*

दुसऱ्या दिवशी त्या नाचाचा व्हिडिओ कुरुळीच्या ग्रुपवर. रविवारचं आम्हाला बोलावणं आलं. गाडीत संदीप एवढंच म्हणाला, "आई क्लास बंद कर म्हणाली, तर मला काही बोलता यायचं नाही." आता कुठे कंबर माझं ऐकायला लागली होती.

ओसरीवर चुलतसासरे, अप्पा, आधीच येऊन बसलेले. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्यांनी सुरुवात केली, "वहिनी, म्या तीनदा बगितलं. तिन्ही येळंला लाज वाटली!"

सासूबाईंनी चष्मा लावला, अप्पांचा फोन हातात घेतला, लांब धरला आणि व्हिडिओ शेवटापर्यंत पाहिला. संदीप जमिनीकडे बघत होता.

"ह्या नाचाला पदर नसतो व्हय गं?"

"नसतो, आई."

त्यांनी फोन अप्पांना परत दिला.

"बरं हाय. पायात आला असता."