डोमाजीची रशियन रायफल

डोमाजी कापगते गेल्याचे मला गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात कळले. मी मिरच्या निवडत होतो. शेजारचा तेलवाला सहज म्हणाला, "रशियावाला गेला जी, काल सकाळी." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. वीस-बावीस वर्षे पंचक्रोशीत डोमाजीला याच नावाने ओळखत. रशियावाला म्हणजे थापाड्या. हे नाव त्याला माझ्यामुळे पडले, आणि ते चुकीचे होते हे सांगणारा मी एकटाच उरलो आहे... म्हणून हे लिहितो.

मी फौजेत बंदुका दुरुस्त करणारा हवालदार होतो. बारा वर्षे वायव्य सरहद्दीवर, पठाणांच्या मुलखात काढली. पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हा कोणाची बंदूक कुठली, तिची किंमत काय, हे ठरवायला मालगुजारही मला बोलावत आणि ठाण्याचे जमादारही. डोमाजी जातीने कोहळी, तलाव बांधणाऱ्यांपैकी. आमच्या गावचा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधलेला. तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या त्याच्या धानात रानडुकरे शिरत, म्हणून विलायतेला परत निघालेल्या गोंदियाच्या एका रेल्वे साहेबाकडून त्याने जुनी रायफल घेतली. परवान्यावर नुसते 'एकनळी रायफल' लिहिले होते. साहेबाने तोंडी सांगितले की ही रशियाच्या फौजेची, काबूलकडून आलेली. डोमाजीने बाजारात ते सगळ्यांना सांगितले. कोणीतरी म्हणाले, हवालदाराला दाखव.

चिंचेखाली पन्नास माणसे जमली. मी रायफल उलटसुलट पाहिली. अशी रायफल मी जन्मात पाहिली नव्हती. नळीवरची अक्षरे लागेनात, आणि माझ्याजवळचे एकही माप नळीत बसेना. सरहद्दीवरचे लोहार फौजी बंदुकांच्या नकला करतात. त्यांची अक्षरे अशीच भलती आणि नळी अशीच बिनमापाची असते. तेव्हा मला ठाऊक नाही असे म्हणण्याऐवजी मी म्हणालो, पठाण लोहाराची नक्कल आहे, लोखंडाच्या भावात काढा. लोक हसले. डोमाजी शांतपणे म्हणाला, "मी कायले खोटं बोलू जी? साहेबानं सांगतलं तेच सांगून राहिलो." पुढच्या बाजारापासून तो रशियावाला झाला. कोणी हाक मारली की म्हणायचा, "बोला जी, झारचा जावई हजर आहे." हसणाऱ्यांत तोही हसायचा. पुढे काही वर्षांनी साहेबाने दिलेली काडतुसे संपली, त्या मापाची दुसरी कुठे मिळेनात, तेव्हा चेष्टेला आणखी जोर आला.

नाव पडल्यावर दोन वर्षांनी घोड्याची स्प्रिंग ढिली पडली म्हणून त्याने रायफल माझ्याकडेच आणली. दुसऱ्या कोणाकडे न्यायची हे त्याच्या मनातही आले नसावे. मी लाकूड सोडवले, एकेक भाग पोत्यावर मांडला आणि थांबलो. नळीवर, खटक्यावर, बारीक पट्टीवरसुद्धा एकच आकडा ठोकलेला होता. भट्टीवरचा लोहार असे आकडे घालत नाही. ते कारखान्याचे काम. लाकडाखाली नळीवर दोन डोक्यांचा गरुड होता. ते झारचे राजचिन्ह, हे गोंदियाच्या पाद्रीसाहेबांनी मला नंतर सांगितले, पण खरे म्हणजे मला त्या दुपारीच कळले होते. डोमाजी ओसरीवर तंबाखू मळत बसला होता.

"काही दिसलं काय जी, हवालदार?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी स्प्रिंग बदलून दिली. त्याने रायफल खांद्याला अडकवली आणि तो गेला. बाजारात उभे राहून चूक कबूल केली तर उद्या माझा शब्द कोण मानेल, एवढाच माझा विचार होता. त्याच्या शब्दाचे काय होईल, हे मनात आले नाही.

ते दुष्काळाच्या साली कळले. तलावात पाणी थोडे, आधी कोणाला द्यायचे यावर पंच बसले. त्यांत मी होतो. डोमाजी म्हणाला की पाऊस कमी असेल त्या वर्षी पहिले पाणी कालव्याच्या टोकाच्या शेतांना, असे तलाव बांधणाऱ्यांनी ठरवले होते आणि त्याच्या आज्याने ते त्याला सांगितले होते. त्याचे स्वतःचे शेत पाळीला लागून. त्याचा यात तोटाच होता. कोणीतरी म्हणाले, "हेही साहेबानंच सांगतलं काय?" पंच हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही... टोकाचे धान वाळले. तिथली दोन घरे त्या वर्षी नागपूरच्या गिरणीत गेली, ती परतली नाहीत. डोमाजीने त्यानंतर पंचांपुढे तोंड उघडले नाही.

तेरवी झाल्यावर रायफल ठाण्यात जमा करायची होती. वर्णन आणि किंमत लिहायला डोमाजीच्या मुलाने मलाच बोलावले. मी लिहिले : रशियाच्या फौजेची अस्सल रायफल, सर्व भाग एकाच आकड्याचे, पूर्वी दिलेले मत चुकीचे. आणि ते घरच्यांना वाचून दाखवले. गरुड कधी पाहिला, तेही सांगितले. डोमाजीची बायको दारात बसून ऐकत होती. ती रडली नाही, रागावलीही नाही.

"आता लिवून कोणाले पाणी भेटन जी?" ती म्हणाली.

मी कागदावर सही केली. रायफल ठाण्यात गेली. तलाव आहे, आणि यंदाही तो अर्धाच भरला आहे. पुढच्या आठवड्यात पंच बसतील. पहिले पाणी टोकाला, हे मी तिथे मांडणार आहे. पुरावा काय, असे विचारतील. डोमाजीने सांगितले होते, एवढाच पुरावा माझ्याजवळ आहे.