चिनी माय

आमच्या शेजारच्या बाई दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, तरी प्रत्येक वाक्य "समजलं?" म्हणूनच संपवतात, भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा. त्या एकट्याच राहतात. त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी चिनी मातीची एक पांढरीशुभ्र देवी आहे, वीतभर उंचीची. सोबतच्या एका डॉक्टरांनी ती चीनहून आणून दिलेली. बाई तिला चिनी माय म्हणतात आणि रोज सकाळी बाळासारखी आंघोळ घालतात.

"ते लोकाईचं रडणं ऐकते. बाकी तिले काई लागत नाई, समजलं?" असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चाला म्हणत होते, पण पडण्याच्या भीतीनं आई पाऊल टाकायला तयार नव्हती. एका सकाळी बाई देवीला पदरात गुंडाळून आल्या आणि आईच्या खाटेसमोरच्या खिडकीत तिला ठेवलं.

"काकू, मी आजपासून आठ दिवस गिरड गावाले बहिणीकडे जाऊन राह्यली. मायले रोज ओल्या फडक्यानं तुमीच पुसजा. दुसऱ्या कोणाचा मले भरवसा नाई. समजलं?"

दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून, माझ्यावर ओरडत, चार पावलं खिडकीपर्यंत गेली. चौथ्या दिवशी तर तिनं देवीच्या बोटांमधली धूळही काढली.

त्याच दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून बाईंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी पटकन आत गेले आणि आईच्या टीव्हीचा आवाज वाढवला.