यादीत चढलेली गिटार

आमच्या बँडचं खरं नाव लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, कुणी घेतच नसे. सगळे ‘नॉर्वेवाले’ म्हणत. आम्ही तिघं: गिटारवर माझा दादा, हार्मोनियमवर मी आणि ढोलकीवर शेजारचा, एका शिलेदाराचा पणतू. नॉर्वे कुठे आहे हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. गिरणीतला एक नॉर्वेचा इंजिनियर मायदेशी परतताना दादाला आपली गिटार आणि तिकडच्या तीन चाली देऊन गेला, तेवढ्यावर आमचं दुकान. चाली गोड होत्या, शब्द कळत नव्हते, म्हणून दादाने त्यांवर आरत्या बसवल्या. गणपतीत लोकांनी त्या हात जोडून ऐकल्या. बसायची जागा मात्र दरबारातल्या मानाने ठरे. ढोलकीवाला उजवीकडे, कारण त्याचे पणजोबा पागेत होते आणि आमचे नुसते दप्तरात. दरबार केव्हाच मोडला होता, पण हे त्याला कोण सांगणार.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं आणि राजधान्या दोन झाल्या: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दादा एका खात्यात कारकून. खातं इंदूरला निघालं की दादा निघे, आणि दादाबरोबर गिटार. म्हणजे आमच्या बँडचा हिवाळ्याचा आवाज वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा. लग्नं तर सगळी उन्हाळ्यात, त्यांना नाही कसं म्हणणार? मग मी गिटार तोंडाने वाजवू लागले. डंग-डिडंग, डंग-डिडंग. हसू नका, घाम निघायचा. दोन उन्हाळ्यांत लोकांना त्याची अशी चटक लागली की दादा परतल्यावर इंदरगंजातल्या एका वरबापाने त्याच्या तोंडावर सांगितलं, “असली रहने दो भैया, मुँहवाली बजवाओ.” दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ठीक आहे, दोन्ही वाजवू.” तिथून आमचा खरा आवाज लागला: एक लाकडाची गिटार, एक तोंडाची आणि मध्ये ढोलकी. तसं काही मी पुढे कुठेच ऐकलं नाही.

आता माझा पराक्रम सांगते. एका वर्षी रेल्वेच्या गर्दीत गिटारच्या मानेला चीर गेली. खात्याचा ट्रक जपून जाई, पण त्यात फक्त सरकारी सामान. माझं अक्षर चांगलं, म्हणून खात्याच्या ट्रंकांवरच्या चिठ्ठ्या आणि सामानाची यादी दादा घरी आणून माझ्याकडून लिहून घेई. मी गिटारच्या पेटीवरही एक डकवली: खात्याचं नाव, पुढचा नंबर, खाली ‘नाजूक’. इथे थांबायला हवं होतं. पण आम्ही पडलो तीन पिढ्यांचे दप्तरदार. चिठ्ठी आहे आणि यादीत नाव नाही, हे मला बघवेना. यादीच्या शेवटी तीही चढवली: ‘तंतुवाद्य, नग एक’. दादा म्हणाला, “शाब्बास, आता कसं रीतसर झालं.” पागेवाल्यांना असली चूक सात जन्मांत सुचली नसती.

काही वर्षं छान गेली. गिटार लाखेचा शिक्का लावून घेऊन जायची, साहेबाची सही झाली की सुटायची, आणि साहेब तरी कशाला वाचतोय. मग मध्यभारतही मोडलं. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ, आणि तिथून सहा महिन्यांनी परतायचं नाही, हे कळलं त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. दादाने चार दिवस विचार करून राजीनामा लिहिला. लष्करातल्या एका शाळेत मास्तरकी मिळत होती, संध्याकाळी बँड. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, खोटं कशाला बोलू. मला दादा घरी हवा होता आणि बँड हवा होता, दुसरं काही नको होतं.

राजीनामा देण्याआधी तो कचेरीत, इंदूरहून ट्रकमधून आलेली गिटार आणायला गेला. बाबूने यादी उघडून दाखवली. “रेकॉर्ड में चढ़ी है, भोपाल जाएगी.” दादाने अर्ज केला की गिटार माझी स्वतःची आहे. शेरा आला: खाजगी असेल तर इतकी वर्षं सरकारी ट्रकमधून का नेली? त्याने दुसरा अर्ज केला की बरं, सरकारी समजा, पण मला द्या. शेरा आला: सरकारी असेल तर कारकुनाला कशाला हवी? ढोलकीवाला म्हणाला, “मी कुलूप तोडतो.” दादाने त्यालाच झापलं, की यादीतली वस्तू चोरायची म्हणजे काय. मीही दादाचीच बाजू घेतली. काय म्हणावं आम्हाला.

“राहू दे दादा,” मी म्हटलं, “मी तोंडाने वाजवीन.”

“तुझं ठीक आहे गं. मी काय वाजवू?”

त्याने राजीनामा फाडला आणि ट्रंकांच्या मागोमाग भोपाळला गेला. लोकांनी विचारलं तर आई सांगायची, बढती मिळाली.

पुढे कधीतरी मी त्याच्याकडे गेले. दुपारच्या सुट्टीत तो मला रेकॉर्डच्या खोलीत घेऊन गेला. चपराशाने शिक्का फोडला, दादाने रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: ‘तपासणी’. तो रोज हेच करायचा. गिटारच्या दोन तारा तुटल्या होत्या, नव्या तारांना मंजुरी नव्हती. “खाली साहेब बसतात,” म्हणत त्याने इंजिनियरची पहिली चाल वाजवली, इतकी हळू की फाइलीसुद्धा हलल्या नसत्या. तुटलेल्या तारांचे सूर मी तोंडाने भरले, कुजबुजत, डंग-डिडंग. मला रडू आवरेना. चपराशी डबा उघडून जेवत होता.

सुट्टी संपली. पेटी बंद करताना दादाने वरच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. शाई पार उडाली होती. त्याने खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढून माझ्यापुढे धरलं.

“नवी लिहून दे,” तो म्हणाला. “नंबर वाचता आला नाही तर टाकून देतील.”

मी खात्याचं नाव लिहिलं, नंबर लिहिला, खाली ‘नाजूक’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं.