भुर्चट आली

आमच्या व्याह्यांइतकं निरर्थक बोलणारा माणूस पुण्यात दुसरा नाही, आणि या बाबतीत पुण्यात स्पर्धा कमी नाही. त्यांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत परिपत्रकं काढली आणि घरी बडबडगीतं रचली, तीही मोठ्या माणसांसाठी. "परिपत्रकाला अर्थ नसतो आणि चालही नसते. माझ्या कवितेला निदान चाल आहे," असं म्हणत. बंगाली माणूस म्हातारपणीही बिनअर्थाची कविता चवीने वाचतो, आपलं पोर मात्र शाळेत गेलं की त्याला लगेच भावार्थ विचारतात, हे त्यांचं कायमचं दुखणं. सोयरीक ठरवायला आले तेव्हा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "देणंघेणं काही नाही. मुलीला भुर्चट आवडावं, एवढंच." आमच्या हिने सदाशिव पेठेतली दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सकाळीच संपलं." भुर्चट म्हणजे काहीच नाही हे कळल्यावर मी एकदा चेष्टेने विचारलं, "कसा आहे तुमचा भुर्चट?" तर चारचौघांत माझी हजेरी घेतली. "ते भुर्चट. नपुंसकलिंगी. अहो, अर्थ नसला तरी चालेल, लिंग नको का?"

गेल्या महिन्यात एका सकाळी व्याही, विहीणबाई आणि आमची मुलगी बिबवेवाडीला आमच्याकडे आले होते. हिने पोहे पुढे ठेवले. व्याही म्हणाले, "भुर्चट आली." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग हातातली बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "आपण 'आली' म्हणालात?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि सावकाश म्हणाले, "भुर्चट... आला."

"बाबा, ते नेहमीच असं बोलतात. खाऊ दे ना त्यांना," मुलगी म्हणाली. व्याह्यांचं तोंड वाकडं नव्हतं, हात चालत होता. माझ्याकडे पुरावा काय, तर नसलेल्या वस्तूचं चुकलेलं लिंग. तरी मी त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी काढली. प्रत्येक सिग्नलला त्यांना बोलतं करत होतो, आणि ते बोलले की शब्दाशब्दाचं लिंग तपासत होतो.

डॉक्टर तरुण होते. "हे असंबद्ध बोलणं कधीपासून?"

विहीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी घाईने म्हणालो, "असंबद्ध जुनंच आहे हो. व्याकरण आज सकाळी बिघडलं." त्यांनी आधी माझ्याकडेच काळजीने पाहिलं, पण स्कॅनला पाठवलं. दार बंद झालं. बाकावर शेजारी बसलेली मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. माझं हसं होऊ दे, पण माझं चुकलेलं असू दे, असं मी देवाला विनवत होतो. चुकलं नव्हतं. मेंदूत गुठळी होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

आता व्याही बरे आहेत. परवा भेटायला गेलो. "या. बसा. आज गार आहे," म्हणाले. एकूण एक शब्द जागच्या जागी. मी मुद्दाम तिथल्या तिथे एक वेडीवाकडी ओळ जुळवून म्हटली. त्यांनी ती सभ्यपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे काय?"

विहीणबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं मागे लागले होते, चार वाक्यं सरळ बोला म्हणून. आता बोलतात, तर घरात कुणी पाहुणे उतरल्यासारखं वाटतं." मी चपला घातल्या. जिन्यात रडू आलं.