सासऱ्यांची लघवीची गोळी

माझ्या सासऱ्यांना मी मुद्दाम चक्कर आणली नव्हती. घरात हे अजून कोणी पूर्णपणे मान्य करत नाही.

मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) देवळ्याहून आमच्याकडे नाशिक रोडला आले, ते सुजलेले पाय दाखवायला. डॉक्टरांनी तपासलं आणि अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे एक, मग रेघ, मग दोन. रेघ आडवी होती की तिरकी, हे त्या पेनालाच ठाऊक.

मेडिकलवाला म्हणाला, "सर, हे अक्षर नीट लागत नाहीये. दवाखान्यात फोन करून विचारा."

"अठ्ठावीस वर्षं पोरांचे पेपर तपासतोय मी," मी म्हणालो. "एक ते दोन गोळ्या, असं आहे ते."

घरी सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चिठ्ठी उजेडात धरली. "अहो, एक ते दोन म्हणजे नक्की किती? विचारा ना."

"पाय बघ त्यांचे. दोन लागतील." (मी भूगोल शिकवतो. पाण्याचा निचरा हा माझाच विषय.)

सकाळी चहानंतर दोन गोळ्या दिल्या. अर्ध्या तासात मामा उठले. परत येऊन टेकतात न टेकतात, तोच पुन्हा उठले. आमच्या घरात संडास एकच. सुनीताला ऑफिसला जायचं होतं, ती टॉवेल घेऊन दाराबाहेर येरझारा घालत होती. मी मात्र खुशीत होतो.

"औषध लागू पडलं, मामा."

"लागू पडलं का मागं लागलं?" मामा आतूनच म्हणाले.

सातव्या खेपेनंतर मामा बाहेर आले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. तोंड कोरडं पडलेलं, पोटऱ्यांत गोळे आलेले. "जावईबापू, घर फिरून ऱ्हायलं," एवढं बोलून ते खाली बसले. माझी खुशी तिथंच संपली. मी त्यांना आडवं केलं आणि घाबरून चिठ्ठी पुन्हा वाचू लागलो. सुनीतानं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर.

"किती गोळ्या दिल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन," सुनीता म्हणाली.

"अहो, अर्धी लिहिली होती. एक छेद दोन. ताबडतोब घेऊन या."

रिक्षात मामांचा हात माझ्या हातात होता. थंडगार. दवाखान्यात ब्लडप्रेशर बरंच खाली निघालं. रक्त तपासलं, सलाइन लावली, आणि दुपारपर्यंत मामांच्या तोंडावर तरतरी आली.

"गोळी दिली कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"जावयानं," मामा म्हणाले. "लय शिकलेले हायेत ते."

डॉक्टरही वरमले होते. "चूक माझ्या अक्षराचीही आहे. पण शंका आली तर आधी फोन करायचा, गोळी नंतर." त्यांनी नवी चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिली: दोन दिवस गोळी बंद, नंतर अर्धी, रोज सकाळी एकदाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठीकडे हात नेला. चौथी शिकलेल्या मामांनी ती स्वतः उचलली, बोट फिरवत मोठ्यानं वाचली, आणि सुनीतानं मोडून दिलेली अर्धी गोळी तळहातावर घेतली.

"मास्तर, तुम्ही पाणी आणा," ते म्हणाले. "त्यात वाचायचं काही नाय."

मी आणलं. पेला किती भरायचा, ते सुनीताला विचारून.