कशावरून सर

बरोबर उत्तराचाही ज्याला संशय येतो असा माणूस मी एकदाच पाहिला, आमच्या सीईटीच्या क्लासात. "घर्षण कमी होईल," असं कोणी म्हणालं की सर खडू खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कशावरून?" उत्तर चूक असलं तरी तेच, बरोबर असलं तरी तेच, आणि आवाजही तोच. आम्ही त्यांना कशावरून सर म्हणायचो. गेल्या महिन्यात ते गेले. तेव्हापासून जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला आहे. सर देवमाणूस होते, सरांनी आम्हाला घडवलं, वगैरे. मी तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं, पण माझा राग काही त्यांच्याबरोबर गेला नाही.

माणिकपूरला एका बेकरीच्या वर त्यांची खोली होती. बारावीचे पेपर संपले की लगेच उन्हाळी बॅच सुरू व्हायची. वर पत्रा, खाली भट्टी, आणि मध्ये आम्ही पावासारखे भाजत बसलेलो. सर पूर्वी सातिवलीला एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होते. ती नोकरी त्यांच्या अंगातून गेलीच नव्हती. "तिकडे अंदाजाने साधा बोल्ट पास करत नाहीत," ते म्हणायचे, "आणि तुम्ही स्वतःलाच पास करायला निघालात."

माझं घर खाडीकडच्या गावात, भातशेतीवालं. उधाणाचं खारं पाणी बांध फोडून शेतात शिरलं, की पुढची दोनेक वर्षं ती जमीन कामातून जायची. हे बघत मोठी झाले म्हणून मला सिव्हिल इंजिनियर व्हायचं होतं. बाबांनी सरळ सांगितलं होतं, "सरकारी कॉलेजात नंबर लागला तर मुंबईला जा. नायतर हितंच बीएस्सी कर. खाजगीचं आपल्याच्यानं होनार नाय." म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर होतं, आणि ती परीक्षा मी या माणसाच्या हातात दिली होती.

आमच्या बॅचला मेलविन नावाचा एक हसरा मुलगा होता. त्याला पर्याय वाचले की उत्तर दिसायचं. कसं, ते त्यालाही सांगता यायचं नाही. सरांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं. "कशावरून?"

"वाटलं, सर."

"वाटलं? वाटायला तू काय कवी आहेस?"

वर्ग हसला, मीही हसले. सर रोज त्याला उभं करायला लागले, आणि लवकरच मेलविन यायचा बंद झाला. जाताना मला म्हणाला, "इथे राहिलो तर येतंय तेपण विसरेन, यार."

त्याच्यानंतर माझी पाळी आली. दोरीतल्या ताणाचं गणित होतं. मी उत्तर सांगितलं. "कशावरून?" मी गडबडले, दुसरा पर्याय सांगितला. सर म्हणाले, "पहिलं बरोबर होतं. पण ते तुलाच माहीत नाही, म्हणून शून्य." आणि खरंच शून्य दिलं. सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हे आम्ही त्यांना धीर करून सांगितलं होतं. "परीक्षा कापत नसेल," ते म्हणाले, "मी कापतो." त्यांच्या सराव परीक्षेत चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं ठेवणं परवडायचं. मी कोरं ठेवायला शिकले. घरी आई विचारायची, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर मी दोनदा चाखायची.

खोटं कशाला बोलू, माणूस कामचुकार नव्हता. भर उन्हात स्कूटरवरून यायचा, कधी खाडा नाही. एखादं गणित त्यांना अडलं तर "बघून सांगतो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे. बाबा एकदा चौकशीला आले तेव्हा स्वतः उठून त्यांनी बाबांना आपली खुर्ची दिली. बाबा घरी येईपर्यंत त्यांची तारीफ करत होते. मला ते सहन झालं नाही. जो माणूस माझ्या बापाला इतक्या अदबीने वागवतो, त्याला बापाच्या मुलीला जरा धीर द्यायला काय झालं होतं?

शेवटच्या दिवशी निघता निघता सर म्हणाले, "उद्या गुण कापत नाहीत. काही मोकळं ठेवू नका." सबंध उन्हाळा ज्या हाताला चटके दिले, तो हात एका वाक्याने कसा पुढे होणार? परीक्षेत कॉम्प्युटरच्या पडद्यावर न सोडवलेल्या प्रश्नांचे लाल चौकोन दिसत होते. बऱ्याच प्रश्नांचं उत्तर मला आतून कळत होतं. माउस तिथवर जायचा आणि कपाळावर चष्मा चढवलेला तो चेहरा समोर यायचा. वेळ संपली तेव्हाही चौकोन लालच होते.

सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. मेलविनला मिळालं. "मी बिनधास्त मारत गेलो," तो म्हणाला, "तू का नाही मारलंस?" घरी सांगायला गेले तेव्हा बाबा बांधावर उभे होते. खाडीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे. बीएस्सी बी शिक्षनच हाय."  पुढे मी ते केलंही, पण त्या दिवशी मात्र तडक माणिकपूरला गेले.

सर एकटेच होते, फळा पुसत होते. मी चपला काढल्या आणि दारातूनच म्हणाले, "सर, माझा नंबर लागला नाही. येत होते ते प्रश्नसुद्धा मी मोकळे ठेवले. खात्री नव्हती म्हणून."

मला वाटलं, निदान आता तरी त्यांचा चेहरा पडेल. सर फळ्यापासून वळले आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे चुकीचं एकही लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "शाब्बास."

निकाल लागल्यावर येऊन सरांच्या पाया पडायची तिथे रीत होती. फडकं बाजूला ठेवून ते उभे राहिले, पाय जुळवून, वाट बघत. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.